चाकांवरचे घर आणि उणे तीस अंशांचा हिवाळा

घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिऱ्याच्या जाड भिंती, कौलारू छप्पर, पुढील अंगण आणि अंगणातील तुळशीवृंदावन उभे राहते. घर म्हणजे जमिनीत पाया रोवून एका जागी स्थिर असलेली वास्तू, अशीच आपली समजूत असते. परंतु जगाच्या पाठीवर अशीही घरे आहेत की ज्यांना पाया नाही आणि अंगणही नाही. पायाच्या जागी त्यांना रबरी चाके असतात. आणि भिंती पाहाव्यात तर जेमतेम दोन इंच जाडीच्या. अशा घरात उन्हाळ्याचे चार दिवस काढणे ही मौज आहे. परंतु बाहेर पाणी दगडासारखे गोठत असताना सबंध हिवाळा त्यात काढावयाचा म्हणजे काय, आणि माणसे तो कशी काढतात, याची माहिती विद्यार्थिमित्रांस करून द्यावी या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. या निमित्ताने आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील अनेक नियम माणसाच्या रोजच्या जगण्याशी कसे निगडित आहेत, तेही ध्यानी येईल.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत अशा वाहनाला ‘रिक्रिएशनल व्हेईकल’ किंवा थोडक्यात ‘आर. व्ही.’ म्हणतात. शब्दशः अर्थ करमणुकीचे वाहन असा होईल. आम्ही या लेखापुरते त्याला ‘घरगाडी’ असे म्हणू. घरगाडीचे मुख्य प्रकार दोन. एका प्रकारात मोटार आणि घर एकाच सांगाड्यावर असते. चालक पुढे बसतो आणि त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघर, बिछाने व न्हाणीघर असते. दुसऱ्या प्रकारात घराचा डबा वेगळा असतो व तो मोटारीच्या मागे जोडून ओढून नेतात. त्याला ‘ट्रेलर’ म्हणतात. दोहोंतही पाण्याच्या तीन टाक्या असतात. पहिली पिण्याच्या पाण्याची, दुसरी न्हाणीच्या व भांडी धुतलेल्या सांडपाण्याची, आणि तिसरी शौचकूपाची. या तीन टाक्यांची आठवण वाचकांनी ठेवावी, कारण पुढील कथेत त्यांचे महत्त्व मोठे आहे.

चाकांवरच्या घराची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील वायोमिंग प्रांताच्या उजाड माळरानावर मेंढ्यांचे कळप राखणारे मेंढपाळ घोड्यांनी ओढावयाच्या गाडीत राहत. गाडीवर कमानदार कापडी छत असे, दाराशेजारी लोखंडी शेगडी आणि मागच्या बाजूस आडवा बिछाना. कडाक्याच्या हिवाळ्यातही एकटा मेंढपाळ त्या गाडीत राहून कळपाबरोबर हिंडे. पुढे मोटारी आल्या आणि त्यांच्यामागे डबे जोडले जाऊ लागले. १९३६ साली वॉली बायम या गृहस्थांच्या ‘एअरस्ट्रीम’ कंपनीने विमानाच्या धाटणीचा चकचकीत अॅल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आणला. १९६९ साली चंद्रावर पाऊल ठेवून परतलेल्या अपोलो ११च्या तीन अंतराळवीरांना काही दिवस सर्वांपासून अलग ठेवण्यात आले होते. ते ज्या डब्यात राहिले तो याच कंपनीच्या ट्रेलरला नवे रूप देऊन बनविलेला होता. आज या धंद्याचे मोठे केंद्र इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे गाव मानले जाते.

तथापि हे वाहन मूलतः सहलीसाठी, आणि तेही बहुधा उन्हाळ्यातील सहलीसाठी योजिलेले. हिवाळा लागताच सुखवस्तू अमेरिकन मनुष्य आपल्या घरगाडीतील पाणी काढून टाकतो आणि ती झाकून ठेवतो, किंवा ती घेऊन दक्षिणेकडे अॅरिझोनासारख्या उबदार प्रांतात जातो. मग बर्फाच्या प्रदेशात हिवाळाभर तिच्यात कोण राहते? ज्यांचे काम त्या प्रदेशात आहे पण ज्यांना तेथे घर मिळत नाही, किंवा ज्यांना घराचे भाडे परवडत नाही, ते राहतात. ‘करमणुकीचे वाहन’ हे नाव त्यांच्या बाबतीत अगदीच विसंगत ठरते.

याचे एक ठळक उदाहरण म्हणजे नॉर्थ डकोटा राज्यातील विलिस्टन हे गाव. मिसुरी आणि यलोस्टोन या दोन नद्यांच्या संगमाजवळ वसलेले हे शेतकऱ्यांचे छोटेसे गाव. २०१० सालच्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १४,७१६ होती. त्या सुमारास तेथील जमिनीच्या पोटात खोलवर असलेल्या ‘बाकेन’ नावाच्या खडकांच्या थरांतून खनिज तेल काढण्याची नवी रीत हाती आली. २००८ साली आलेल्या आर्थिक मंदीमुळे देशभर अनेकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, कित्येकांची राहती घरेही कर्जापायी गेली होती. असे हजारो लोक चांगल्या मजुरीच्या आशेने विलिस्टनला लोटले. २०१२ साली नॉर्थ डकोटा हे तेलाच्या उत्पादनात अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाचे राज्य झाले. काम होते, पैसा होता, पण डोक्यावर छप्पर नव्हते. लहानशा सदनिकेचे मासिक भाडे दोन हजार डॉलरांच्या पलीकडे गेले. तेव्हा माणसे घरगाड्या घेऊन आली आणि मोकळ्या जागी, शेतांच्या कडेला, दुकानांच्या मोटारतळांवर त्या उभ्या करून राहू लागली. काहींच्या बरोबर त्यांची बायकामुलेही होती. २०१४ सालच्या अखेरीपासून तेलाचे भाव कोसळले आणि तो पूर ओसरू लागला. परंतु मधल्या काळात कित्येक कुटुंबांनी तेथील हिवाळे चाकांवरच्या घरात काढले.

तेथील हिवाळा किती कडक असतो, याची आम्हां गोमंतकीयांना सहजी कल्पना यावयाची नाही. पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा वीस अंशांच्या आसपास आला की आपण शाल शोधू लागतो. विलिस्टनला जानेवारीच्या रात्री उणे पंधरा, उणे वीस अंश सेल्सिअस ही नित्याची गोष्ट. थंडीची लाट आली की पारा उणे तीसच्याही खाली जातो. दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा. याचे कारण केवळ उत्तर अक्षांश हे नव्हे. लंडन शहर विलिस्टनच्याही उत्तरेस आहे, पण तेथील हिवाळा त्या मानाने पुष्कळ सौम्य असतो. समुद्राचे पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, म्हणून समुद्राकाठच्या प्रदेशाला त्याचा आधार मिळतो. विलिस्टन खंडाच्या ऐन मध्यभागी आहे, समुद्र शेकडो कोस दूर. शिवाय उत्तर ध्रुवाकडून येणारे वारे अडवावयास मध्ये हिमालयासारखा आडवा पर्वत नाही. सपाट माळावरून ते थेट दक्षिणेस उतरतात.

आता घरगाडीचा विचार करू. उष्णता नेहमी उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे जाते, आणि दोन्ही बाजूंच्या तापमानांत अंतर जितके अधिक तितकी ती अधिक वेगाने जाते. आत वीस अंश आणि बाहेर उणे पंचवीस असले, तर पंचेचाळीस अंशांचे अंतर झाले. ते टिकवावयाचे कोणी? तर दोन इंचांच्या भिंतीने. त्यात भर म्हणजे घर लहान. विद्यार्थ्यांनी एक सोपे गणित करून पाहावे. ८ मीटर लांब, अडीच मीटर रुंद व २ मीटर उंच अशा डब्याचे पृष्ठफळ ८२ चौरस मीटर आणि घनफळ ४० घनमीटर भरते. म्हणजे आतील प्रत्येक घनमीटर हवेमागे दोन चौरस मीटरांहून अधिक पृष्ठभाग बाहेरच्या थंडीला भिडलेला. उलट १२ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ६ मीटर उंच अशा दुमजली घराचे गणित केले, तर हेच प्रमाण एकास ०.७ इतके येते. लहान वाटीतील आमटी मोठ्या पातेल्यातील आमटीआधी निवते, तोच हा न्याय.

म्हणून हिवाळ्याची पहिली तयारी म्हणजे गळती बुजविणे. खिडक्यांच्या काचांना आतून फोमचे तक्ते किंवा हवेचे फुगे असलेला प्लास्टिकचा कागद लावतात. छपरातील झरोक्यांत उशा कोंबतात. स्थिर हवा ही उष्णतेची दुर्वाहक आहे; फोम, लोकर, गवत या सर्वांची ऊब वस्तुतः त्यांच्यात कोंडलेल्या हवेची असते. दारे-खिडक्यांच्या अॅल्युमिनियमच्या चौकटी मात्र उष्णता झपाट्याने बाहेर नेतात. थंडीच्या सकाळी अशा चौकटीवर आणि भिंतीतील स्क्रूच्या माथ्यांवर घराच्या आतल्या बाजूने हिमकण जमलेले दिसतात.

दुसरी तयारी घराच्या पोटाखाली करावयाची. उत्तर अमेरिकेतील रस्त्यांवर, ‘पुढील पूल रस्त्याच्या आधी गोठतो’ अशा अर्थाच्या पाट्या असतात. रस्त्याला खालून जमिनीची ऊब मिळते. पुलाला वरूनही थंड हवा आणि खालूनही थंड हवा. घरगाडीची तऱ्हा पुलासारखीच आहे. म्हणून तिच्या तळापासून जमिनीपर्यंत चहूबाजूंनी झालर लावतात. कोणी त्यासाठी जाड ताडपत्री वापरतो, कोणी फोमचे तक्ते, कोणी वाळलेल्या गवताचे भारे रचतो. अशी झालर लावली म्हणजे वारा अडतो आणि जमिनीतून येणारी थोडीशी ऊब तळाशी कोंडून राहते. विशेष असे की झालरीच्या बाहेरून बर्फ लोटून ठेवण्याचीही रीत आहे. भुसभुशीत बर्फात हवा पुष्कळ कोंडलेली असते, त्यामुळे थंडीनेच थंडी अडविली जाते. ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोकांची बर्फाची घरे याच तत्त्वावर उबदार राहतात.

आता पाण्याकडे वळू. बहुतेक द्रव पदार्थ गोठताना आकुंचन पावतात, पाणी मात्र प्रसरण पावते. त्याचे कण बर्फरूपात येताना एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून षट्कोनी रचनेत उभे राहतात, आणि त्यामुळे घनफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काठोकाठ भरून बूच लावलेली काचेची बाटली फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात राहून फुटल्याचे पुष्कळांनी पाहिले असेल. नळीत एखाद्या ठिकाणी बर्फाचा खडा बनला, तर तो वाढता वाढता पुढील बंद तोटीपर्यंतचे पाणी दाबू लागतो, आणि तो दाब असह्य होऊन नळी फुटते. मौज अशी की नळी फुटल्याचे थंडीत कळतच नाही. बर्फ वितळू लागले की मग घरभर पाणी होते.

गावातील नळाचे पाणी घरगाडीत रबरी नळीने आणावे लागते आणि ती नळी तर उघड्यावर. तिच्याभोवती विजेवर गरम होणारी पट्टी गुंडाळून वरून फोमचे आवरण घालतात. जे अधिक सावध असतात ते नळी जोडूनच ठेवीत नाहीत. आतील टाकी एकदा भरून घ्यावी, नळीतील पाणी निथळून ती गुंडाळून आत ठेवावी, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच करावे, असा त्यांचा क्रम असतो. चालते पाणी लवकर गोठत नाही म्हणून पक्क्या घरात रात्री तोटी बारीक धारेने सोडून ठेवतात. परंतु घरगाडीत हा उपाय अंगाशी येतो, कारण ती धार सांडपाण्याच्या टाकीत जाते आणि टाकी भरून वाहू लागते. टाकीची झडप बाहेरील नळाकडे उघडी ठेवावी, तर हळूहळू ठिबकणारे पाणी वाटेतच थरावर थर गोठून नळ बंद होतो. शौचकूपाच्या टाकीचीही हीच गत. म्हणून झडप बंद ठेवून टाकी भरेपर्यंत थांबावे आणि मग सर्व एकदम वेगाने सोडून द्यावे, हा तेथील अनुभवी लोकांचा नियम आहे. मोऱ्यांच्या वाकड्या नळ्यांत पाणी साचून राहते, तेथे गुलाबी रंगाचे गोठणविरोधी द्रव्य ओततात. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असावे लागते. मोटारीच्या इंजिनात घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या जवळपासही येऊ देत नाहीत.

पाण्याच्या याच स्वभावाची एक हितकर बाजूही सांगितली पाहिजे. एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तीच उष्णता एक ग्रॅम पाणी गोठताना बाहेर टाकते. तिला अप्रकट उष्णता म्हणतात. थंड मुलखातील शेतकरी पूर्वी तळघरात बटाटे व फळे ठेवीत, तेव्हा शेजारी पाण्याने भरलेले पिंप ठेवीत. पिंपातील पाणी गोठू लागले की ते उष्णता देई आणि भाजी वाचे. घरगाडीच्या तळाशी असलेली भरलेली टाकीही अशाच रीतीने काही काळ थंडीशी झुंजते. रिकामी किंवा थोडेसेच पाणी असलेली टाकी भरलेल्या टाकीच्या मानाने फार लवकर गोठते.

आत ऊब आणावयाची ती कशाने? बहुतेक घरगाड्यांत प्रोपेन वायूवर चालणारी भट्टी असते. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू सुमारे उणे अर्धा अंश. म्हणजे त्याहून अधिक थंडीत तो सिलिंडरमध्ये द्रवरूपातच पडून राहील, शेगडीपर्यंत पोहोचणार नाही. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश आहे, म्हणून उत्तरेकडे प्रोपेनच वापरतात. तरीही पारा फार उतरला की वायूचा दाब मंदावतो. इंधनही झपाट्याने संपते. ताशी तीस हजार ब्रिटिश उष्णता-एककांची भट्टी जर अखंड जळत राहिली, तर ९ किलो प्रोपेनचा सिलिंडर सुमारे चौदा तासांत रिता होतो. ती थांबून थांबून चालते म्हणून तो अधिक काळ पुरतो, एवढेच. मध्यरात्री भट्टी विझली तर अंधारात, वाऱ्यात बाहेर जाऊन दुसरा सिलिंडर जोडावा लागतो.

भट्टीला केवळ वायू असून चालत नाही. गरम हवा खेळविणारा पंखा बॅटरीवर चालतो, आणि थंडीत बॅटरीची शक्ती क्षीण होते. साध्या शिशाच्या बॅटरीत गंधकाम्ल असते. ती पूर्ण भारित असेल तर आतील आम्ल तीव्र असते व उणे पन्नास अंशांतही गोठत नाही. पण ती रिती होत गेली की आम्लाचे पाणी होत जाते आणि उणे दहाच्या आसपासच ते गोठून बॅटरी फुटू शकते. येथे एका साखळीची कल्पना करावी. बॅटरी गेली की पंखा थांबला. पंखा थांबला की भट्टी थांबली. भट्टी थांबली की काही तासांत नळ गोठले. अशा घरात कोणतीही वस्तू क्षुल्लक नसते. गाडीचीही तीच स्थिती. डिझेल तेलातील मेण थंडीत साकळून ते घट्ट होते. आपल्या लडाखमध्येही ही अडचण होती, म्हणून २०१९ साली इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल तेथे उपलब्ध करून दिले.

थंडीइतकाच, किंबहुना अधिक चिवट असा दुसरा शत्रू म्हणजे ओल. हे वाचून आश्चर्य वाटेल, कारण बाहेरची हवा तर कोरडी असते. ओल येते ती आतून. मनुष्य श्वासावाटे व त्वचेवाटे दिवसाकाठी पाऊण लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चार माणसांचे कुटुंब, वर स्वयंपाकाची वाफ आणि ओले कपडे. कोकमाच्या थंडगार सरबताच्या पेल्याला बाहेरून जसा घाम येतो, तसा थंड भिंतींना आतून घाम येतो. हेच बाष्पाचे सांद्रीभवन होय. गाद्यांच्या खालची बाजू भिजते, कपाटांच्या कोपऱ्यांत बुरशी धरते. गोव्याच्या आषाढ-श्रावणात पेटीतील कपड्यांना येणारा कुबट वास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे दुःख सांगावयास नको. धुराडे नसलेली वायूची शेगडी पेटविली तर ओल आणखी वाढते. एक किलो प्रोपेन जळाला की सुमारे १.६ किलो पाणी बाष्परूपाने तयार होते, हे रसायनशास्त्राच्या समीकरणावरून वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना पडताळून पाहता येईल. म्हणून या थंडीतही झरोका थोडा उघडा ठेवून ऊब वाया घालवावी लागते.

आणि हा झरोका उघडा ठेवण्याचे याहूनही मोठे कारण आहे. इंधनाला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही तर ते अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूशी जितक्या ओढीने संयोग पावते, त्याच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने ते या वायूशी संयोग पावते. परिणामी रक्त शरीराला प्राणवायू पोहोचवू शकत नाही. आरंभी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते की थकवा आला असेल, जरा पडावे. आणि तो निजलेला उठत नाही. हिमवृष्टीत भट्टीचे धुराडे बर्फाने बुजले, थंडी असह्य झाली म्हणून कोणी निखाऱ्यांची शेगडी आत आणली, किंवा विजेचे जनित्र खिडकीजवळ लावले, तर हा प्रसंग ओढवतो. म्हणून अशा घरात या वायूची सूचना देणारे यंत्र ठेवतात, आणि हिमवृष्टी होताच धुराडे मोकळे करणे हे पहिले काम समजतात.

हा इशारा केवळ अमेरिकेपुरता आहे असे कोणी मानू नये. थंडी ही आपल्याकडची गोष्ट नव्हे, पण वायूवर पाणी तापविणारे गिझर आता आपल्या घरोघरी आले आहेत. न्हाणीघराची खिडकी बंद, दार बंद आणि आत गिझर जळत आहे, ही स्थिती बंद घरगाडीतील स्थितीहून वेगळी नाही. आपल्या देशात अशा बंद न्हाणीघरांत प्राण गमावल्याच्या बातम्या वेळोवेळी येतात. उत्तर हिंदुस्थानात थंडीच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली कुटुंबे अशीच दगावतात. वाचकांनी आपल्या घरातील असा गिझर आजच पाहावा. तो न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा, आणि ते होईपर्यंत झरोका कदापि बंद करू नये. न्हाताना डोके जड झाले किंवा चक्कर आल्यासारखे वाटले, तर तत्काळ उघड्या हवेत यावे. या लेखातील इतर सर्व विसरले तरी चालेल, एवढे ध्यानात ठेवावे.

ध्रुवीय थंडीत घर थाटण्याच्या विद्येशी आपल्या गोमंतकाचा एक खराखुरा संबंध आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली १९८१ सालच्या डिसेंबरात गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली आणि १९८२ सालच्या जानेवारीत त्या खंडावर पोहोचली. या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आजही वास्को येथे आहे. तेथे बर्फावर बांधलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपले पहिले ठाणे हळूहळू बर्फाखाली गाडले गेले. २०१२ साली सुरू झालेले ‘भारती’ हे ठाणे जहाजांवर माल नेण्याच्या १३४ पोलादी पेट्या एकत्र जुळवून उभारले आहे. चाके नसली तरी पेटीत घर करावयाचे, ही कल्पना एकच. मात्र ‘भारती’ मुद्दाम खांबांवर उचलून धरले आहे. वारा खालून मोकळा वाहावा आणि बर्फ साचू नये, म्हणून. घरगाडीवाला तळ झाकतो आणि हे ठाणे तळ मोकळा ठेवते. ठाण्याच्या तळाला थंडी रोखणारे भक्कम आवरण असते, म्हणून त्याला वाऱ्याहून साचणाऱ्या बर्फाचे भय अधिक. घरगाडीचा तळ उघडावाघडा, म्हणून तिला वाऱ्याचेच भय अधिक. निसर्गाचे नियम तेच, पण गरज बदलली की उत्तर बदलते.

शेवटी त्या घरांतील मुलांविषयी चार शब्द. बाहेर उणे वीस अंश असताना सकाळी उठावयाचे, गोठलेली तोटी पाहावयाची, बाटलीतील जपून ठेवलेल्या पाण्याने तोंड धुवावयाचे आणि शाळेची बस गाठावयाची. ज्या टेबलावर आई भाकरी भाजण्याची तयारी करते, त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर धडा गिरवावयाचा. अमेरिकेत अशा मुलांसाठी एक कायदा आहे. मॅकिनी-व्हेंटो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मूळ १९८७ सालच्या त्या कायद्यान्वये, योग्य घर न मिळाल्यामुळे जी मुले मोटारतळावर, तंबूत किंवा अशा ट्रेलरांच्या वसाहतीत राहतात, ती बेघर समजली जातात. आणि राहत्या पत्त्याचा दाखला नाही एवढ्या कारणास्तव शाळेला त्यांचा प्रवेश रोखता येत नाही. छप्पर चाकांवर असले तरी शिक्षणाचा हक्क स्थिर असावा, हा त्यामागील विचार आम्हां शिक्षकांना मोलाचा वाटतो. आपल्याकडेही ऊसतोडणीला, रस्त्याच्या कामाला आणि घरे बांधण्याच्या कामाला गावोगाव हिंडणाऱ्या कुटुंबांची मुले आहेत. कितीएक इमारती उभारूनही त्यांच्या आईबापांना स्वतःचे घर नसते. असे एखादे मूल वर्षाच्या मध्यावर आपल्या वर्गात येऊन बसले, तर त्याला बाकावर जागा करून द्यावी आणि राहिलेले धडे दाखवावेत. त्याची अडचण थंडीची नसेल, पण अस्थिर घराची खचितच असेल.

घरगाडीत हिवाळा काढणाऱ्याला पाणी, ऊब, हवा आणि मैल्याची विल्हेवाट या चार गोष्टींचा हिशेब दररोज स्वतः ठेवावा लागतो. आपल्या घरात या चारही गोष्टी जणू आपोआप होतात. त्यातल्या कित्येक आपल्याला सौम्य हवेने दिल्या आहेत, आणि कित्येक दुसऱ्यांच्या श्रमाने मिळाल्या आहेत. तोटी फिरविताच पाणी येते, यात केवढी व्यवस्था सामावलेली आहे, हे त्या दूरदेशीच्या गोठलेल्या नळीवरून आपल्याला उमगावे.